खाली बसता येतं का? पुनर्वसनाची गरज मोजण्याची नवी पद्धत आणि खानदेश

माझे मामा अमळनेर तालुक्यातले. आयुष्यभर त्यांनी कापूस आणि दादर ज्वारी पिकवली. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. दवाखान्यातून सुट्टी मिळताना एक छापील प्रश्नावली भरून द्यायची होती. मी शिकलेला भाचा, म्हणून कागद माझ्या हातात आला. प्रश्न वाचायचा, समजेल असा सांगायचा आणि मामांचं उत्तर ऐकून रकान्यात खूण करायची, एवढंच काम होतं. एका प्रश्नात विचारलं होतं की जेवताना पदार्थ कापायला, लोणी लावायला मदत लागते का. मामा माझ्याकडे नुसते बघत राहिले. पुढचा प्रश्न पलंगावरून खुर्चीत बसण्याचा होता. त्यांच्या घरात खुर्ची एकच, आणि ती आल्यागेल्यासाठी ओट्यावर ठेवलेली. कागद संपेपर्यंत मामा दमले. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माले खाले बसता येस नही, ते कोनी इचारस नही."

खाली बसणं म्हणजे सकाळचा विधी, ताटावर बसणं, जनावराला वैरण टाकणं, चार माणसांत बैठकीला बसणं. त्यांचा अर्धा दिवस त्या एका हालचालीवर चालायचा आणि नेमकी तीच कागदावर नव्हती. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत आलो आहे. माणसाला आजारानंतर काय जमतं, काय जमत नाही आणि कशाची मदत हवी, हे मोजायचं कसं? जगात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या कामासाठी एक वेगळी पद्धत तयार झाली आहे. संगणक प्रत्येक रुग्णाला त्याच्या उत्तरांप्रमाणे वेगळे प्रश्न विचारतो, आणि थोड्याच प्रश्नांत नेमकं मोजमाप देतो. तिला अनुकूली संगणकीय चाचणी म्हणतात. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांना ती कितपत उपयोगाची आहे, कुठे अडेल आणि आधी काय करावं लागेल, याचा हा आढावा.

आज आपल्याकडे मोजमाप म्हटलं की डोळ्यांसमोर एकच गोष्ट येते, ती म्हणजे टक्के. "किती टक्के बसले?" हा प्रश्न सिव्हिलच्या आवारात जितका ऐकू येतो तितका दुसरा कुठला येत नसेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. हा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यात ४० टक्क्यांची रेष ठरली. त्या रेषेच्या वर असलात तर सवलती, आरक्षण, योजना. खाली असलात तर फार थोडं. टक्के काढण्याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केली आणि २०२४ मध्ये सुधारली. आता प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड ऑनलाइन अर्जातून मिळतं. ही व्यवस्था हवीच. कायद्याला रेष लागते आणि रेषेला आकडा लागतो.

पण ती तत्त्वं बारकाईने वाचली की दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली आनंदाची आहे. पायाच्या अपंगत्वात स्थैर्य मोजण्यासाठी जी यादी वापरात आली, तिच्यात सपाट जागी चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं यांच्या बरोबरीने जमिनीवर उकिडवं बसणं आणि मांडी घालून बसणं हेही आहे. म्हणजे आपल्या डॉक्टरांना मामांचा प्रश्न माहीत होता. दुसरी गोष्ट अशी, की त्या यादीतल्या प्रत्येक क्रियेला सारखेच १० टक्के दिलेले आहेत. दोन्ही पायांवर नुसतं उभं राहणं आणि उकिडवं बसून उठणं या दोन्हींचं वजन एकच. ज्याने कधी गुडघेदुखी सोसली आहे त्याला कुणी समजावून सांगायला नको, की या दोन गोष्टी सारख्या जड नाहीत.

हाच दोष जगभरच्या जुन्या मोजपट्ट्यांत होता. फ्लॉरेन्स महोनी आणि डॉरोथिया बार्थेल यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेला बार्थेल निर्देशांक आजही बहुतेक फिजिओथेरपी विभागांत वापरतात. लोणी लावण्याचा उल्लेख मूळ त्यातलाच. दहा बाबी, शून्य ते शंभर गुण. जेवण, आंघोळ, कपडे, मलमूत्रावर ताबा, चालणं, जिना. पाच मिनिटांत होतो, फुकट आहे, आणि पक्षाघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांत खरंच उपयोगी पडतो. पुढे अमेरिकेत १८ बाबींची, प्रत्येकी सात पायऱ्यांची 'फिम' नावाची पट्टी रूढ झाली. तिच्यात टबमध्ये उतरणं-चढणं ही एक बाब आहे. या पट्ट्यांत गुणांची नुसती बेरीज होते, आणि बेरजेत ४० चे ५० होणं आणि ९० चे १०० होणं सारखंच दिसतं. शिवाय घरात चालू-फिरू लागलेल्या माणसाला शंभरपैकी शंभर मिळतात आणि पट्टी तिथेच संपते. तो शेतात जाऊ शकतो का, एसटीच्या पायऱ्या चढू शकतो का, कापूस वेचू शकतो का, हे पट्टीच्या बाहेरच राहतं. खानदेशातल्या शेतकऱ्याचं पुनर्वसन नेमकं तिथून पुढे सुरू होतं.

या अडचणीतून वाट काढली ती गणिताने. जॉर्ज राश या डॅनिश गणितज्ञाने १९६० मध्ये एक साधा पण खोल विचार मांडला. माणसाची क्षमता आणि प्रश्नाचा जडपणा या दोन्ही गोष्टी एकाच शिडीवर मांडता येतात. प्रश्न माणसाच्या पायरीच्या बराच खाली असेल तर तो बहुधा 'जमतं' म्हणेल, बराच वर असेल तर 'जमत नाही' म्हणेल, आणि बरोबर त्याच्या पायरीवर असेल तर दोन्ही उत्तरांची शक्यता अर्धी-अर्धी. पुष्कळ माणसांची उत्तरं गोळा केली की कुठला प्रश्न शिडीवर कुठे बसतो ते कळतं. अमेरिकेत फ्रेडरिक लॉर्ड आणि पुढे डेव्हिड वाइस यांनी त्यावर संगणकीय चाचणी उभी केली. शिक्षणात आणि भरतीत ती आधी आली. अमेरिकेत परिचारिकांची परवाना परीक्षा १९९४ पासून अशीच होते, आणि परदेशी शिकायला जाणारी आपली मुलं देतात ती जीमॅटही अशीच असते. आपल्याकडची कॅट मात्र या जातीची नाही, नावामुळे गोंधळ होतो म्हणून सांगितलं. ती संगणकावर होते, पण उत्तर पाहून पुढचा प्रश्न बदलत नाही.

जळगावच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगायला सराफ बाजार पुरे. सराफाकडे डाग गेला की तो काळ्या दगडावर त्याची रेघ ओढतो. शेजारी ठरलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो. ती उजळ वाटली तर कमी कसाची ओढून बघतो, फिकी वाटली तर जास्त कसाची. दोन-चार रेघांत डाग किती कसाचा ते त्याला कळतं. सगळ्या कसाच्या सगळ्या रेघा तो कधीच ओढत बसत नाही. कसोटी हा शब्दच त्या दगडावरून आला. अनुकूली चाचणी तेच करते. तिच्यापाशी जोखलेल्या प्रश्नांची पेढी असते आणि रुग्ण दिसेल तशी ती रेघ निवडते.

एक उदाहरण घेऊ. समजा साक्री तालुक्यातल्या सत्तरीतल्या आजी आहेत. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, घरी येऊन महिना झाला. आशाताईंच्या हातात फोन आहे आणि फोनमध्ये ऐंशी प्रश्नांची पेढी. पहिला प्रश्न मधल्या पायरीचा येतो: घरातल्या घरात काठीशिवाय चालता येतं का? आजी म्हणतात, जड जातं. यंत्र एक पायरी खाली येतं: काही न धरता उंबरा ओलांडता येतो का? येतो. आता यंत्राला कळलं, की त्या या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहेत. तिसरा प्रश्न: पाटावर बसून आधाराने उठता येतं का? आधार दिला तर येतं. चौथा: न्हाणीत स्वतः पाणी घेऊन अंघोळ करता येते का? सून पाणी काढून देते, बाकीचं मी करते. पाचव्या प्रश्नानंतर चूक होण्याची शक्यता ठरलेल्या मर्यादेच्या आत येते आणि चाचणी थांबते. पलंगावर कूस बदलता येते का, हे आजींना कुणी विचारलं नाही. उंबरा ओलांडणाऱ्या बाईला ते विचारायचं कारणच नाही. डोक्यावर भारा घेऊन चढ चढता येतो का, हेही विचारलं नाही. ऐंशीतले पंचाहत्तर प्रश्न वाचले, आजी दमल्या नाहीत, आणि त्या शिडीवर कुठे उभ्या आहेत ते कळलं. या प्रश्नांचा क्रम मी मनाने लावला आहे. खऱ्या पेढीत तो क्रम रुग्णांच्या उत्तरांवरून ठरतो, आणि पुष्कळदा तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा वेगळा निघतो.

पुनर्वसनात हे काम सगळ्यात नेटाने केलं ते बोस्टन विद्यापीठात, ॲलन जेट आणि स्टीफन हेली यांच्या गटाने. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरच्या काळासाठी त्यांनी एएम-पॅक ही चाचणी बनवली. हालचाल, रोजची कामं आणि रोजच्या व्यवहारात लागणारी बुद्धी अशा तीन शिड्या त्यात आहेत. मुलांसाठी त्याच परंपरेतली पेडी-कॅट २०१२ मध्ये आली. तिच्या पेढीत २७६ प्रश्न आहेत, पण एका मुलाच्या पालकाला त्यातले थोडेच विचारले जातात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईसाठी ही केवढी सवड आहे, हे अशा आईला तीस पानी फॉर्म भरताना ज्याने पाहिलं असेल त्याला कळेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ मध्ये प्रोमिस हा मोठा प्रकल्प सुरू केला. त्यात शारीरिक क्षमता, वेदना, थकवा, नैराश्य अशा अनेक पेढ्या आहेत. शारीरिक क्षमतेच्या पहिल्या पेढीतच १२४ प्रश्न होते. चाचणी साधारण चार ते बारा प्रश्नांत संपते. मानसिक आरोग्यात शिकागोच्या रॉबर्ट गिबन्स यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की ३८९ प्रश्नांच्या पेढीतून सरासरी बाराच प्रश्न विचारून नैराश्याची तीव्रता जवळजवळ तितकीच नेमकी मोजता येते. तैवानमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांचा तोल मोजण्यासाठी अशी चाचणी बनली आहे. थोडक्यात, यंत्र चालतं की नाही हा प्रश्न जगात मिटलेला आहे.

खानदेशात यंत्राच्या आधीचं काम बाकी आहे.

प्रश्नांपासूनच बघा. प्रोमिसच्या शारीरिक पेढीत व्हॅक्यूम क्लीनरने साफसफाई आणि अंगणातली बागकामं जमतात का, असा प्रश्न आहे. याचं मराठीत भाषांतर केलं तर शब्द बदलतील, प्रश्न तोच राहील. डावा हात अधू झालेल्या पारोळ्याच्या बाईला विचारायचं ते वेगळंच आहे. भाकरी थापता येते का? भरताची वांगी भाजून, सोलून ठेचता येतात का? आणि शिडीच्या अगदी वरच्या टोकाला ठेवावा असा एक प्रश्न खानदेशानेच जगाला द्यावा: खापरावरचे मांडे करता येतात का? पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत, फिरवत, कोपरापर्यंत ताणत बाई तो पातळ करते आणि न फाटू देता तापलेल्या खापरावर टाकते. खांदा, कोपर, मनगट, दोन्ही हातांचा मेळ, तोल, नजर, उभं राहण्याची ताकद, सगळं त्या एका कामात तपासलं जातं. कुठल्याही पाश्चात्त्य पेढीत दोन्ही हातांच्या मेळाचा याहून कसाचा प्रश्न मी वाचलेला नाही. पुरुषांसाठी केळीचा घड खांद्यावर घेऊन सऱ्यांतून चालणं, कापूस वेचणं, मोटरसायकलला किक मारणं. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात काम करणाऱ्या बायांसाठी तासन्‌तास उकिडवं बसून देठं खुडणं. हे सगळे प्रश्न कागदावर यायला कुणीतरी गावोगाव बसून ऐकावं लागेल.

अशी दृष्टी आपल्याकडे पूर्वी कधी दिसलीच नाही असं नाही. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय बनवला, तो आयात केलेल्या पायापेक्षा सरस ठरण्याचं कारण हेच होतं. त्या पायाने उकिडवं बसता येत होतं, अनवाणी चालता येत होतं, चिखलात उतरता येत होतं. पाय बनवणाऱ्यांनी आधी रुग्णाचा दिवस पाहिला होता. प्रश्न बनवणाऱ्यांनीही तेच करायचं आहे.

याच्या पोटात एक बारीक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तोच प्रश्न बाईला एक अर्थ सांगतो आणि पुरुषाला दुसरा. "स्वयंपाक करता येतो का?" याला "नाही" म्हणणारा साठीचा माणूस अधू आहे, की त्याने जन्मात चूल पेटवली नाही? १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी घरगुती व्यवहारांची आठ बाबींची जी पट्टी केली, तिच्यात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि कपडे धुणं सोडून पाचच बाबींवर गुण द्यावेत असं ठरवलं होतं. त्या काळापुरता तो तोडगा ठीक होता. आधुनिक पद्धत अधिक शहाणपणाने जाते. सारख्याच क्षमतेच्या बाई-पुरुषांत एखाद्या प्रश्नाचं उत्तर वेगळं येतंय का हे आकडेवारीने तपासते, आणि येत असेल तर तो प्रश्न काढते किंवा दोघांसाठी वेगळा जोखते. खानदेशात हाच तपास भाषेच्या आणि समाजाच्या बाबतीतही करावा लागेल.

कारण इथे भाषा एक नाही. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री, शिंदखेड्याकडे अहिराणी. यावल-रावेर पट्ट्यात लेवा गणबोली. असोद्याच्या बहिणाबाईंमुळे ती महाराष्ट्राच्या कानावर आहे. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, शिरपूरच्या पाड्यांवर पावरी आणि भिली. भुसावळमध्ये रेल्वेमुळे हिंदी. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात ४२ लाखांवर आणि धुळ्यात साडेवीस लाख लोक होते. धुळ्यातले तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास आदिवासी. अशा ठिकाणी पुस्तकी मराठीतला प्रश्न म्हणजे रुग्णाची क्षमता मोजता मोजता त्याची भाषाच मोजणं होय. उपाय अवघड नाही. प्रश्न छापायचे नाहीत, बोलायचे. फोनवर अहिराणीत, पावरीत ध्वनिमुद्रित केलेला प्रश्न, सोबत चित्र, आणि उत्तराला तीनच खुणा: सहज, कष्टाने, जमत नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला आणि डोळ्यांनी अधू असलेल्यालाही हे चालतं.

बुद्धी आणि स्मृतीच्या चाचण्यांत तर साक्षरतेचा प्रश्न फारच जुना आहे. हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदच्या दशकात, शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी प्रसिद्ध इंग्रजी स्मृतिचाचणीत मुळापासून बदल करून हिंदी आवृत्ती बनवली होती, कारण शंभरातून सात वजा करत जा, असं निरक्षर माणसाला विचारण्यात काही हशील नाही. अलीकडे आयसीएमआरने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचण्यांचा संच काढला, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत. त्या यादीत मराठी नाही, हे वाचताना मला वाईट वाटलं.

आता दुसरी बाजू. ज्या जिल्ह्यात फिजिओथेरपिस्टकडे पोचायलाच दोन एसट्या बदलाव्या लागतात, तिथे मोजमापाची नवी यंत्रं कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. नुसतं मोजून कुणाचा पाय सरळ होत नाही. पण माझं म्हणणं असं, की माणसं थोडी आहेत म्हणूनच नेमकं मोजणं जास्त गरजेचं आहे. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. अपघातात हातपाय गमावलेली तरुण माणसं चक्करबर्डीच्या हिरे मेडिकलच्या रुग्णालयात येतात, शस्त्रक्रिया होते, आणि मग ती घरी जातात. घरी गेल्यावर काय झालं, हे कोणाला कळत नाही. सुट्टीनंतर दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी फोनवर पाच प्रश्न विचारले, तर कोण सुधारतंय, कोण थांबलंय आणि कोण घसरतंय हे दिसेल. थांबलेल्या आणि घसरणाऱ्या माणसाला आधी बोलवायचं. लांबलचक प्रश्नावली फोनवर कुणी तीनदा भरणार नाही. पाच प्रश्नांची उत्तरं कुणीही देईल. ही पद्धत पुन्हा पुन्हा वापरता येते, यातच तिचं खरं बळ आहे. दर वेळी वेगळे प्रश्न आले तरी शिडी तीच असल्याने मोजमापांची तुलना होते.

सिकलसेलसारख्या आजारात तर एकदाच केलेलं मोजमाप फसवतं. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत घेतलं, आणि जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. ज्या दिवशी तपासणीला मुलगी येते त्या दिवशी ती चालत, बोलत, हसत असते. आठ दिवसांनी दुखणं उठलं की तिला अंथरुणावरून उठवत नाही. तिचं खरं चित्र महिन्यातून दोनदा विचारलेल्या चार प्रश्नांतून उभं राहील.

आणि इथेच एक पथ्य पाळावं लागेल. ही चाचणी टक्क्यांना आणि पेन्शनला जोडू नये. तिचा सगळा डोलारा रुग्णाने खरं सांगण्यावर उभा आहे. "भाकरी थापता येते" म्हटलं की महिन्याचे पैसे बंद होणार असतील, तर कुठल्या गरीब बाईने खरं सांगावं? तिला दोष देता येणार नाही. प्रमाणपत्राचं काम वैद्यकीय मंडळाने आपल्या नियमांनी करावं. ही मोजणी उपचारासाठी, साधनांसाठी, पाठपुराव्यासाठी वेगळी राहू द्यावी आणि तिचे आकडे दुसऱ्या टेबलावर जाऊ नयेत. ते तसे गेले, तर दोन वर्षांत पेढीतला एकही प्रश्न खऱ्या कसाचा राहणार नाही.

उत्तर कोण देतं, याचीही काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे रुग्णाला विचारलं की मुलगा बोलतो. सासूच्या वतीने सून बोलते, आणि बायकोच्या वतीने नवरा. मुलगा प्रेमापोटी जास्त सांगतो किंवा कंटाळून कमी. बोलता न येणाऱ्या माणसासाठी दुसऱ्याने उत्तर देणं भाग आहे. अशा उत्तरांची वेगळी नोंद हवी. मामांच्या कागदावर निम्मी उत्तरं माझी होती, हे मी आज कबूल करतो. आंघोळीला मदत लागत नाही, असं मी भरलं होतं. मामी रोज त्यांची पाठ आणि पाय धुवून देत होत्या. मला ते नंतर कळलं.

आणखी एका गोष्टीची गल्लत होते. क्षमता आणि गरज एक नाहीत. दोन माणसं शिडीच्या एकाच पायरीवर असतील, पण एकाचं घर रस्त्यावर आहे आणि दुसऱ्याचं नाल्यापलीकडच्या पाड्यावर. एकाच्या घरी शौचालय आहे, दुसऱ्याला बाहेर जावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये जी वर्गीकरण-चौकट स्वीकारली, तिच्यात शरीर, कामं, समाजातला वावर आणि भोवतालची परिस्थिती यांचा एकत्र विचार आहे. जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात राज्यभरातून आलेली दिव्यांग मुलं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. तिथल्या अंध मुलाची गरज वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, परीक्षेला लेखनिक आणि राहण्याची सोय ही आहे. हातापायाची कुठलीही शिडी ती सांगणार नाही. म्हणून चाचणीच्या शेवटी एक साधा, न मोजलेला प्रश्न कायम हवा: तुम्हाला आधी काय जमायला हवंय?

खर्चाचं म्हणाल तर यंत्राची बाजू हलकी आहे. पुढचा प्रश्न निवडण्याचं गणित साध्या फोनवरही क्षणात होतं, आणि पेढी एकदा फोनमध्ये उतरवली की नेटवर्क नसलेल्या पाड्यावरही चालते. आशाताई आजही तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखमीचा तक्ता भरतात, त्यामुळे घरोघर जाऊन विचारण्याची सवय आहे. मात्र त्यांच्या अंगावर आणखी एक बिनपगारी काम टाकू नये, त्याचा मोबदला ठरलेला हवा. परदेशी चाचण्यांचे हक्क आणि परवाने असतात. त्या वापरायच्या तर त्यात पैसे जातील आणि व्हॅक्यूम क्लीनरही येईल. खरा खर्च पेढी घडवण्याचा आहे. आधी शे-दीडशे प्रश्न गोळा करणं, रुग्णांपुढे ते बोलून बघणं, मग काहीशे रुग्णांकडून सगळ्या प्रश्नांची उत्तरं घेऊन प्रत्येकाचा जडपणा ठरवणं. या पहिल्या फेरीत रुग्णांना लांब प्रश्नावली सोसावी लागते. पुढच्यांचे प्रश्न त्यांच्या जिवावर कमी होतात.

हे काम करायला लागणाऱ्या संस्था इथेच आहेत. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून आहे, जळगावचं शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. दोन्ही जिल्ह्यांत खासगी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संख्याशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, आणि अहिराणीचा अभ्यास करणारी माणसं या भागात कायम राहिली आहेत. राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने झालेल्या अभ्यासानुसार जगात तीनातल्या एका माणसाला, म्हणजे सुमारे २४० कोटी लोकांना, आयुष्यात कधीतरी पुनर्वसनाचा उपयोग होऊ शकेल असा आजार किंवा इजा आहे. त्यात दादर पेरणारे किती, हे मोजायला बाहेरून कोणी येणार नाही.

सुरुवात लहान करावी असं मला वाटतं. आधी अनुकूली यंत्रही नको. फक्त पक्षाघाताच्या रुग्णांसाठी अहिराणी आणि मराठीत वीस प्रश्नांची ठरलेली यादी करावी, दोन्ही जिल्ह्यांच्या सिव्हिलमध्ये वर्षभर वापरावी. वर्षाच्या शेवटी त्याच उत्तरांतून शिडी उभी राहील, मग प्रश्न वाढवावेत, मग यंत्र बसवावं. यादी करायला बसणाऱ्यांत दोन फिजिओ, एक संख्याशास्त्राचा माणूस, दोन आशाताई आणि किमान चार रुग्ण असावेत, आणि त्यातल्या निम्म्या बाया असाव्यात.

मामांना गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास एका तरुण फिजिओताईंनी ओट्याच्या कडेला धरून खाली बसायला शिकवलं. आधी उंच पाट, मग बुटका पाट, मग जमीन. त्यांनी पहिल्याच दिवशी कागद न काढता मामीला विचारलं होतं, "हे दिवसभर कुठं कुठं बसायचे?" मामीने बोटांवर मोजून सात जागा सांगितल्या. मी त्या लिहून ठेवल्या आहेत. माझ्या पेढीतले ते पहिले सात प्रश्न.